स्टील गिटारसाठी हाताने बनवलेला ट्यूब ॲम्प : ट्रान्सफॉर्मरपाशी रखडलेली ऑर्डर

हाताने बनवलेला ट्यूब ॲम्प (वाद्याचा आवाज काचेच्या निर्वात नळ्यांनी, म्हणजे ट्यूबनी, वाढवणारे यंत्र) मागवायचा म्हटले की लोक ट्यूब कोणत्या कंपनीच्या, खोक्याचे लाकूड कोणते, पुढच्या जाळीचे कापड कोणत्या रंगाचे, याची चौकशी करतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबची ताकद स्पीकरपर्यंत पोचवणारे, लोखंडी गाभ्यावरचे तारेचे वेढे) कोण गुंडाळणार आणि तो आज या घडीला कारागिराच्या फळीवर आहे की नाही, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. मी ते पहिल्याच पत्रात विचारले होते आणि मला ‘उपलब्ध आहे’ असे उत्तर मिळाले होते. ‘उपलब्ध’ म्हणजे ‘मागवला तर कधीतरी मिळू शकेल’ असा त्याचा अर्थ होता, हे कळेपर्यंत निम्मी रक्कम देऊन झाली होती. त्या उत्तराचा राग अजून पुरता निवळलेला नाही, आणि हा अनुभव लिहिण्यामागे तो राग आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पेडल स्टील (आडवी मांडून, तारांवर धातूची कांब सरकवून आणि पेडलने सूर बदलून वाजवायची गिटार) वाजवणाऱ्याला साधा गिटारचा ट्यूब ॲम्प का पुरत नाही, हे थोडक्यात सांगायला हवे, कारण पुढची सारी रखडपट्टी त्यातूनच निघाली. गिटारवाल्याला आवाज वाढवला की थोडा फाटलेला, खरखरीत सूर हवा असतो आणि त्याचा ॲम्प मुद्दाम तसा बांधलेला असतो. आपले उलट आहे. आपला उजवा पाय सतत व्हॉल्यूम पेडलवर असतो. तार छेडताना पेडल अर्धेच दाबलेले असते आणि सूर विरू लागला की आपण ते हळूहळू पुढे दाबत जातो, म्हणजे सूर एकाच पातळीवर लांबत राहतो. या लांबणाऱ्या सुरासाठी ॲम्पपाशी ताकदीचा मोठा साठा शिल्लक असावा लागतो आणि तो वापरताना सूर जराही फाटता कामा नये. त्यात स्टीलचे पिकअप (तारांची कंपने विजेत बदलणारे भाग) गिटारपेक्षा बरेच जोरकस असतात. १९७० च्या दशकापासून बहुतेक स्टीलवादक ट्रान्झिस्टरच्या ॲम्पकडे वळले ते याच कारणाने; पीव्हीचा नॅशव्हिल ४०० हा २१० वॅटचा, १५ इंची स्पीकरचा ॲम्प त्याचे ठळक उदाहरण. ट्यूबवर टिकून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी फेंडरच्या ट्विन रिव्हर्ब या ॲम्पचा आधार घेतला, कारण त्यात चार ६एल६ ट्यूब आणि ८० वॅटच्या आसपास स्वच्छ आवाज मिळतो.

मला ट्यूबचाच ॲम्प हवा होता, तोही डोके (ॲम्पचे यंत्र) वेगळे आणि स्पीकरची पेटी वेगळी असा, कारण सगळे एकाच पेटीत असलेला ट्विन तीस किलोच्या आसपास भरतो आणि जिन्यावरून तो नेताना संगीतावरचे प्रेम कमी होते. कारागिराशी आराखडा ठरवणे हा भाग मजेत पार पडला. चार ६एल६जीसी (६एल६ चाच एक प्रकार), ट्यूबऐवजी सिलिकॉन डायोडचा रेक्टिफायर, म्हणजे एसी वीज डीसी करणारा भाग (ट्यूबचा रेक्टिफायर जोराच्या सुराला दबतो आणि ते दबणे आपल्याला नको असते), पहिल्या टप्प्यावर १२एएक्स७ ट्यूबऐवजी १२एवाय७, मिडल आवाजासाठी वेगळी खुंटी आणि स्प्रिंगचा रिव्हर्ब (सुराला घुमारा देणारी सोय). १२एएक्स७ चा वर्धनांक (ती सूर किती पट वाढवू शकते तो आकडा) १०० असतो आणि १२एवाय७ चा त्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे जोरकस पिकअपने पहिलाच टप्पा फाटत नाही. ८०० हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा कापता यावा, हेही मी लिहून दिले. स्टीलचा सूर नाकात बोलल्यासारखा वाटतो तो बहुधा याच पट्ट्यामुळे. इथवर सगळे सुरळीत होते. मग ट्रान्सफॉर्मर आला, खरे तर आला नाही.

C6 ट्यूनिंगमध्ये (पेडल स्टीलच्या तारा लावण्याच्या एका पद्धतीत) सगळ्यात खालची तार C असते आणि तिची कंपने सेकंदाला सुमारे ६५. गिटारची सगळ्यात जाड तार E असते, ती सुमारे ८२ हर्ट्झला बोलते. फरक लहान वाटतो, पण ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने तो लहान नाही. व्होल्टेज तेवढाच ठेवून कंपने कमी केली की कोअरमधला, म्हणजे लोखंडी गाभ्यातला, चुंबकीय प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे ८२ वरून ६५ वर येताना तो सव्वापट होतो. कोअर लहान असेल तर त्या क्षणी ती भरून जाते आणि तिथून पुढे सूर वाढण्याऐवजी चेपतो. कानाला ते असे ऐकू येते की खालची तार छेडल्यावर मूळ सूर पोकळ होतो, त्याच्या वरचे सूर तेवढे पुढे येतात आणि पेडल दाबत गेले तरी खालचा भार काही वाढत नाही. गिटारच्या कित्येक ॲम्पमध्ये हा दोष गुण म्हणून विकला जातो. आपल्याला जास्त स्टॅम्पिंगची (कापलेल्या लोखंडी पत्र्यांची), जाड, वजनदार कोअर लागते, आणि वरचे सूर बोथट होऊ नयेत म्हणून प्रायमरी (ट्यूबकडचे) व सेकंडरीचे (स्पीकरकडचे) वेढे एकाआड एक थरांत विभागून गुंडाळावे लागतात. असे काम हाताने करणारे थोडे आहेत आणि ते एकेक नग करत नाहीत. पुरेशा ऑर्डर साठल्या की एक लॉट काढतात. माझा कारागीर अशाच एका वाइंडिंगवाल्यावर अवलंबून होता.

पहिल्या चौकशीला ‘या आठवड्यात कळेल’ असे उत्तर आले. नंतरच्या चौकशीलाही तेच आले, शब्द न शब्द तेच. मधल्या काळात मला चासीची (आतले भाग बसवायच्या धातूच्या सांगाड्याची) छायाचित्रे मिळत राहिली: टरेट बोर्डवर (धातूच्या खुंट्यांच्या पाटीवर) नीट मांडलेले रेझिस्टर, वळवून बांधलेल्या तारा, सॉकेटांच्या रांगा आणि मागच्या बाजूला चार बोल्टांची भोके असलेली एक रिकामी चौकोनी जागा. काम अप्रतिम होते, यात वाद नाही. पण प्रत्येक छायाचित्रात ती रिकामी जागा पाहून माझा पारा चढत असे, कारण छायाचित्र पाठवणे म्हणजे उत्तर देणे नव्हे.

मग त्याने पर्याय सुचवला: गिटारच्या ॲम्पसाठी बनवलेला तयार ट्रान्सफॉर्मर बसवू, तोही १०० वॅटचाच आहे, ॲम्प दोन-चार दिवसांत हातात पडेल. मी विचारले, १०० वॅट किती हर्ट्झला? यावर बराच काळ उत्तर नव्हते आणि आले तेव्हा त्यात वॅटचाच आकडा पुन्हा होता. हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा असे माझे ठाम मत आहे, कारण १००० हर्ट्झला १०० वॅट देणारा ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झला त्याच्या निम्मेसुद्धा स्वच्छ देईल, असे कोणी सांगू शकत नाही. स्पीकरच्या जागी तेवढ्याच ओहमचा मोठा रेझिस्टर जोडून ६० हर्ट्झची साधी लहर पूर्ण जोरात सोडली आणि ऑसिलोस्कोपवर तिचा आकार पाहिला, तर एका मिनिटात सारे उघड होते. मी तो पर्याय नाकारला. त्या वेळी अनेकांनी मला हट्टी ठरवले. आज त्या हट्टाचा मला अभिमान आहे.

यथावकाश लॉट आला आणि त्यात सेकंडरीला फक्त ४ ओहमचे टोक निघाले. माझी पेटी १५ इंची एका स्पीकरची, ८ ओहमची. ४ ओहमच्या टोकाला ८ ओहम जोडले की ट्यूबना दिसणारा भार दुप्पट होतो आणि मिळणारी ताकद घटते, म्हणजे ज्या साठ्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तोच कमी व्हायचा. यावर मला सुचवण्यात आले की मी ८ ओहमची आणखी एक पेटी घ्यावी, दोन्ही समांतर जोडल्या की ४ ओहम होतात. गणित बरोबर होते. पण सदऱ्याला गुंडी जुळत नाही म्हणून दुसरा सदरा घ्या, असे सांगण्यासारखाच हा सल्ला होता, आणि माझ्या त्या दिवशीच्या पत्राची भाषा तितकीशी सभ्य नव्हती.

चूक कुठे झाली ते मी खणून काढले. वाइंडिंगवाल्याला गेलेल्या कागदावर ‘ट्विनसारखा, मोठ्या कोअरचा’ एवढेच लिहिलेले होते. ट्विनमध्ये ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर असतात, म्हणून त्याचा ट्रान्सफॉर्मर ४ ओहमचा असतो, आणि त्या बिचाऱ्याने सांगितल्याप्रमाणेच केले होते. त्यामुळे माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला असा की तुमच्या आणि कारागिराच्या करारापेक्षा कारागीर वाइंडिंगवाल्याला जो कागद पाठवतो त्याची प्रत मागा. त्यावर प्रायमरी किती ओहम (चार ६एल६ साठी साधारण २००० च्या आसपास), सेकंडरीला ४, ८ आणि १६ पैकी कोणती टोके, किती हर्ट्झला किती वॅट आणि वीजपुरवठ्याची कंपने किती, हे स्वच्छ लिहिलेले असावे. शेवटची बाब पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी आहे: फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला तर तो गुणगुणतो आणि तापतो, कारण तेच, कंपने कमी झाली की कोअर भरते. दुसऱ्या खेपेचा कागद मी स्वतः वाचून संमती दिली आणि पुन्हा रांगेत उभा राहिलो. त्या रांगेबद्दल अधिक लिहीत नाही, कारण ती पहिल्या रांगेसारखीच होती, छायाचित्रे तेवढी थांबली होती.

ॲम्प आला तेव्हा ट्यूब वेगळ्या, स्पंजात बांधून आल्या होत्या. तसेच यायला हवे. त्या बसवल्यावर बायस (ट्यूबमधून सूर नसतानाही किती वीज वाहते ते ठरवणारी जुळणी) तपासून घ्यावा आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण आतले कपॅसिटर ४५० व्होल्टच्या आसपासचा भार धरून असतात आणि वीज बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प चालवू नये, हे सर्वांना माहीत असते, तरी लिहितो. मी सगळ्यात आधी C6 ची खालची तार छेडली आणि पेडल पुढे दाबत नेले. सूर पोकळ झाला नाही. पेडल संपले तरी खालचा भार तसाच होता. एवढे सगळे झाल्यावर कारागिराला चार शब्द चांगले लिहिणे भाग होते आणि ते मी मनापासून लिहिले.

रिव्हर्बच्या स्प्रिंगची पेटी पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून शक्य तितकी दूर असावी, नाहीतर ती त्याची गुणगुण उचलते, हे आराखड्याच्या वेळीच सांगावे, हे आता आठवले. पॅसिव्ह (स्वतःला वीज न लागणारे) व्हॉल्यूम पेडल वापरत असाल तर ॲम्पच्या इनपुटला १ मेगओहम ठेवायला सांगा, नाहीतर वरचे सूर पेडलमध्येच मंदावतात. वजन खुपत असेल तर निओडिमियम चुंबकाचा १५ इंची स्पीकर घ्यावा. वजन ट्रान्सफॉर्मरमध्ये वाचवू नये. पण डोक्याची पेटी पाठवताना जड ट्रान्सफॉर्मरखाली लाकडी आधार द्यायला सांगावे, कारण त्या वजनाने वाहतुकीत चासी वाकू शकते.

उरलेली रक्कम चुकती करताना मी त्याच लॉटमधला आणखी एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर विकत घेऊन ठेवला. कारागिराला ते अविश्वासाचे वाटले आणि त्याने तसे बोलूनही दाखवले. मी त्याला कळवले की विश्वास पूर्ण आहे, पण हा कधी जळलाच तर ‘या आठवड्यात कळेल’ हे वाक्य पुन्हा वाचण्याची माझी तयारी नाही.