स्टार्ट दिलं, पण...

‘कनेक्शन रिफ्यूज्ड.’ लॉगिनची कमांड तीनदा टाइप केली, तीनदा तेच उत्तर.

काल संध्याकाळी याच सर्व्हरवर मी स्वतः एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करू देणारी सेवा, चालू केलं होतं. लॉगिन करून बघितलं, पोर्ट 22 वरून, म्हणजे एसएसएचच्या नेहमीच्या दारातून, थेट आत. खुशीत लॅपटॉप मिटला. रात्री अपडेटनंतर सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि सकाळी दार बंद. पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या नेटवर्कवरच्या हाकेला, मात्र उत्तर येतंय. म्हणजे साहेब घरात आहेत, कडी काढायला कोणी नाही!

शेवटी सर्व्हर रूममधल्या ज्युनिअरला फोन. त्याने मॉनिटर-कीबोर्ड जोडून एसएसएचचं स्टेटस बघितलं. ‘इनअॅक्टिव्ह’, आणि वरच्या ओळीत ‘डिसेबल्ड’.

“सर, तुम्ही स्टार्ट दिलंत. इनेबल दिलंच नाहीत.”

स्टार्ट आत्तापुरतं. इनेबल म्हणजे दर बूटला, सर्व्हर सुरू होताना, आपणहून उठ. इनेबलला ‘नाऊ’ हा पर्याय जोडला की दोन्ही एका कमांडमध्ये होतं. हे त्याला शिकवलं कोणी? मीच. त्याने तो विषय काढला नाही, हा त्याचा मोठेपणा. (फोनवर त्याच्या मागे कोणीतरी खुदकन हसलं, ते ऐकू आलं.)

‘चालतंय ना?’ एवढंच बघून आपण उठतो. मुद्दाम एकदा रीस्टार्ट करून बघता का तुम्ही, की माझ्यासारखेच?