दोनने भागलं आणि आलेख वाकडा झाला

गणित सुटून बरीच वर्षं झाली होती. एका परीक्षेसाठी पुन्हा वही उघडली, तेव्हा द्विघाती फंक्शनचे अक्षांवरचे छेदनबिंदू काढणं मला अगदीच किरकोळ वाटलं. क्ष-अक्षावरचे हवे तर य शून्य धरायचा, य-अक्षावरचा हवा तर क्ष शून्य. त्यात काय आहे?

पहिलंच उदाहरण होतं: य = २क्ष² − ४क्ष − ६. य च्या जागी शून्य ठेवलं. सगळे सहगुणक सम दिसले, म्हणून दोनने भागून टाकलं: क्ष² − २क्ष − ३ = ०. अवयव पडले (क्ष − ३)(क्ष + १), म्हणजे क्ष = ३ किंवा −१. (आधी घाईत चिन्हं उलटी लिहिली होती, ताळा केल्यावर सापडली.) मग त्याच सुटसुटीत ओळीत क्ष = ० घातलं, य-अक्षावर −३ लिहिलं आणि मोकळा झालो.

आलेख काढायला बसलो तेव्हा गडबड दिसली. अशा फंक्शनचा आलेख म्हणजे अन्वस्त, आणि तो सममित असतो, त्यामुळे शिरोबिंदू, म्हणजे वळणाचा बिंदू, दोन मुळांच्या (य शून्य करणाऱ्या क्ष च्या किमतींच्या) बरोबर मध्ये, क्ष = १ वर. तिथली किंमत मूळ समीकरणातून आली −८. आणखी एक बिंदू हवा म्हणून क्ष = २ घेतलं, तर −६. आता ० आणि २ हे दोघंही १ पासून सारख्याच अंतरावर, म्हणजे दोन्हीकडची खोली सारखी हवी. माझ्याकडे एकीकडे −३, दुसरीकडे −६. जोडलेली रेघ एक खांदा उचलून उभ्या राहिलेल्या माणसासारखी दिसत होती.

दोनदा आकडेमोड तपासली, ती बरोबर होती. चूक भागाकारात नव्हती, भागाकार कुठे चालतो हे विसरण्यात होती. य = ० ठेवल्यावर एका बाजूला शून्य असतं, आणि शून्याला दोनने भागलं तरी ते शून्यच राहतं. म्हणून मुळं बदलत नाहीत. पण फंक्शनमध्ये त्या बाजूला य आहे. भागायचंच तर त्यालाही भागा: य/२ = −३, म्हणजे य = −६. (३, ०) आणि (−१, ०) या दोन बिंदूंतून जाणारे अन्वस्त असंख्य आहेत. भागून मी दुसराच अन्वस्त हातात घेतला होता आणि त्याचा छेदनबिंदू पहिल्याच्या नावावर लिहिला होता.

हे कळल्यावर वर्गसमीकरण सोडवायची जुने गणिती श्रीधराचार्य यांची रीतही नीट उमगली. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ती श्रीधरांच्या नावानेच दिली आहे. २क्ष² − ५क्ष + १ = ० चे सरळ अवयव पडत नाहीत. क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे ८ ने गुणायचं: १६क्ष² − ४०क्ष + ८ = ०. मग दोन्हीकडे १७ मिळवले की (४क्ष − ५)² = १७, आणि क्ष साधारण २.२८ किंवा ०.२२. मध्ये एकही अपूर्णांक नाही! इथंही गुणता येतं ते पलीकडे शून्य आहे म्हणूनच. य-अक्षावरचा बिंदू मात्र मूळ फंक्शनचाच, (०, १).

क्ष² + २क्ष + ५ ने अर्धा तास खाल्ला. विवेचक (क्ष च्या सहगुणकाचा वर्ग, वजा क्ष² चा सहगुणक आणि स्थिरपद यांच्या गुणाकाराची चौपट) ४ − २० = −१६ आला, म्हणजे ऋण, आणि मी स्वतःचीच चूक शोधत बसलो. चूक नव्हतीच. ते (क्ष + १)² + ४ आहे, चारच्या खाली उतरतच नाही, मग क्ष-अक्षाला लागणार कसं? य-अक्षाला मात्र ते (०, ५) मध्ये कापतं. क्ष = ० ची किंमत नेहमी एकच निघते, त्यामुळे तो बिंदू प्रत्येक फंक्शनला असतोच.

तेव्हापासून मूळ ओळीला हात लावण्याआधीच स्थिरपद, म्हणजे क्ष नसलेलं पद, बघून य-अक्षावरचा बिंदू लिहून टाकतो. त्याचा उपयोग लगेच झाला. य = −क्ष² + ४क्ष. स्थिरपद नाही, म्हणून (०, ०) लिहिलं. मग य = ० ठेवलं, दोन्ही पदांत क्ष दिसला, क्ष ने भागलं, उत्तर फक्त ४. पण वर लिहिलेला (०, ०) तर क्ष-अक्षावरही आहे! क्ष स्वतःच शून्य असू शकतो, त्याने भागलं की ते मूळ गायब. ओळ खोडली आणि क्ष(४ − क्ष) = ० असं लिहिलं.