९११ करेरा : यादी पक्की होईपर्यंतच्या नोंदी

१२ जानेवारी

आगाऊ रक्कम भरून झाली आहे आणि कारखान्यातील आपल्या नावाची जागाही निश्चित झाली आहे. आता ऑप्शनची, म्हणजे गाडी बनण्याआधी आपण निवडायच्या वेगवेगळ्या सोयींची, यादी २८ फेब्रुवारीपर्यंत पक्की करून द्यायची आहे. त्यानंतर बदल होणार नाही, असे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले आहे. गाडी पोर्शे ९११ करेरा, म्हणजे मे २०२४ मध्ये जाहीर झालेली ९९२ पिढीची दुसरी आवृत्ती : तीन लिटरचे सहा सिलिंडरचे बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांचे) इंजिन, दोन टर्बो, ३९४ अश्वशक्ती, ४५० न्यूटन-मीटर आणि आठ गिअरचा पीडीके, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स. भारतात ती जाहीर झाली तेव्हा शोरूमची किंमत १.९९ कोटी होती, आणि ती एकही ऑप्शन न घेता होती.

पहिल्या आठवड्यात मी सर्वांसारखेच केले. रात्री जेवण झाल्यावर संगणकापुढे बसून चाके बदलली, रंग बदलले, शिलाईचे दोरे बदलले. प्रत्येक जुळणीला आठ अक्षरांचा एक कोड मिळतो, तो पुन्हा टाकला की तीच गाडी समोर येते. असे चौदा कोड वहीत जमले आणि चौदाही गाड्या पडद्यावर देखण्या दिसत होत्या. पडद्यावरची गाडी गुळगुळीत काळ्या जमिनीवर उभी असते. माझी गाडी शिरोली एमआयडीसीतील माझ्या फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, फाटकातून रोज आत-बाहेर करणार आहे आणि रविवारी गगनबावडा किंवा आंबोलीला जाणार आहे. म्हणून आजपासून नियम ठरवला : जी गोष्ट कोल्हापुरात नंतर बसवता येत नाही, तिचा विचार आधी करायचा आणि जी नंतर घेता येते, ती यादीतून काढून टाकायची.

२६ जानेवारी

हा सारा रविवार एका फळीत गेला आणि तो सत्कारणी लागला.

पुढचा अ‍ॅक्सल उचलणारी यंत्रणा घ्यावी की नाही, याबद्दल प्रत्येक मालकाचे मत वेगळे आहे. बटण दाबल्यावर गाडीचे नाक सुमारे ४० मिलिमीटर वर येते, ताशी ३५ किलोमीटर वेगापर्यंत ते वर राहते आणि एकदा अडथळ्याची जागा लक्षात ठेवायला सांगितली की पुढच्या वेळी त्या ठिकाणी ते आपोआप उचलले जाते. ऑप्शन महाग आहे आणि नंतर बसवणे व्यवहार्य नाही. मग मताने कशाला ठरवायचे, मोजूनच पाहू, असे वाटले.

गेल्या आठवड्यात पुण्याला शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीखाली परवानगी घेऊन टेप धरला होता. पुढचा टायर जमिनीला जेथे टेकतो तेथून बंपरच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंतची लांबी आणि उंची टिपून घेतली होती. आमच्या पॅटर्न शॉपमधील (ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या विभागातील) मिस्त्रींनी त्यावरून बारा मिलिमीटर प्लायवूडचा साचा कापला, त्याच्या खालच्या कडेला पांढरा खडू घासला आणि आम्ही दोघे तो टेम्पोत टाकून निघालो. पोट घासते का हे पाहण्यासाठी २,४५० मिलिमीटरची, म्हणजे गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधील अंतराएवढी, एक सरळ पट्टीही बरोबर घेतली होती.

घर, फाउंड्री, मुलीची शाळा, बँक आणि महामार्गाची सर्व्हिस रोड या वाटेवरचे अकरा गतिरोधक आणि उतार मोजले. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. आमच्या सोसायटीच्या दारातला ११ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ५० सेंटिमीटर रुंद भरला. साचा जमिनीवरून सरकवत पुढे नेला आणि मिस्त्री वाकून म्हणाले, “मालक, खडू तर पुसला की ओ.” प्लायच्या कडेवर बोटभर लांबीचा पट्टा स्वच्छ झाला होता आणि डांबरावर पांढरी रेघ उमटली होती. ती रेघ म्हणजे बंपरचा रंग, हे डोळ्यांसमोर आले आणि पुढे वाद उरला नाही.

अकरापैकी सात ठिकाणी खडू पुसला. मग साच्याखाली ४० मिलिमीटरचा ठोकळा ठेवून त्याच सात जागा पुन्हा पाहिल्या, तेव्हा सहा ठिकाणी साचा मोकळा गेला. पट्टी मात्र सोसायटीच्या गतिरोधकावर टेकायच्या बेतात होती. तेथे गाडी सरळ न घालता तिरकी घालावी लागेल आणि ते करता येण्याइतकी जागा आहे. सातवी जागा आमच्याच फाउंड्रीचे फाटक. त्याबद्दल पुढे लिहीन.

नाक उचलणारी यंत्रणा यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच न्यायाने गाडी १० मिलिमीटर खाली बसवणारे स्पोर्ट सस्पेन्शन कटाक्षाने काढून टाकले. ज्यांच्या दाराशी सपाट रस्ता आहे त्यांना ते लखलाभ असो.

१ फेब्रुवारी

२०२५ च्या अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसलो होतो. चाळीस हजार डॉलरहून महाग आयात गाड्यांवरील मूळ सीमाशुल्क १०० वरून ७० टक्क्यांवर आले, परंतु त्यावर ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर बसल्यामुळे एकूण बोजा पूर्वी अधिभार धरून होता तेवढाच, ११० टक्के राहिला. म्हणजे कारखान्यात १०० रुपयांचा असलेला ऑप्शन बंदरावर उतरताना २१० रुपयांचा होतो आणि त्यानंतर जीएसटी लागतो. जर्मनीतील एखादा मालक “एवढ्याशा पैशांत घेऊन टाका” म्हणतो, तेव्हा त्याचा सल्ला खरा असला तरी त्याचा हिशेब आपला नव्हे, हे नव्याने यादी करणाऱ्यांनी मनात पक्के ठेवावे.

८ फेब्रुवारी

चाके. करेरावर मुळात पुढे १९ आणि मागे २० इंची चाके येतात, टायर २३५/४० आणि २९५/३५. एक माप मोठे घेतले तर २० आणि २१ इंच, टायर २४५/३५ आणि ३०५/३०. फोटोत मोठी चाके निःसंशय उजवी दिसतात. पण टायरवरचा दुसरा आकडा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते, आणि त्यावरून हिशेब मांडला की पुढच्या टायरची भिंत ९४ मिलिमीटरवरून ८६ वर येते आणि मागची १०३ वरून साडेएक्याण्णववर. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये एवढेच रबर असते. गाडीत जादा चाक नाही, पंक्चर बुजवण्याचा द्रव आणि हवेचा पंप आहे आणि भिंत चिरली तर त्या द्रवाचा काही उपयोग होत नाही. जुलै महिन्यात करूळ घाटात उभे राहून ट्रकची वाट पाहायची माझी तयारी नाही. मूळची चाके ठेवली.

ब्रेकची डिस्क बिडाची ठेवावी की सिरॅमिकची घ्यावी, यावर मी थोडा रेंगाळलो, कारण तो माझ्या धंद्याचा विषय आहे. गेली बावीस वर्षे मी बीड ओततो. ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाची, डिस्क उष्णता ओढून घेते, मुरवते आणि शांतपणे सोडून देते, तिच्यातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंपने मरतात आणि तिची किंमत माणसाच्या आवाक्यात राहते. सिरॅमिक डिस्कचे वजन तिच्या सुमारे निम्मे असते, तिला गंज चढत नाही आणि ट्रॅकवर पुन्हा पुन्हा जोराचा ब्रेक लावला तरी तिची पकड ढळत नाही. तिच्याबरोबर येणाऱ्या पिवळ्या कॅलिपरचा (डिस्कला चिमटणाऱ्या भागाचा) मोह मलाही झाला. परंतु आमच्या पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की बिडाच्या डिस्कवर जो नारिंगी थर येतो, तो फाटकापासून पहिल्या चौकापर्यंतच्या दोन-तीन ब्रेकमध्ये निघून जातो, हे मी रोज पाहतो. मी ट्रॅकवर वर्षातून एकदा गेलो तर गेलो. चाक काढताना कोणा कामगाराच्या हातून रिमचा धक्का लागून सिरॅमिकची कड उडाली, तर अख्खी डिस्क बदलण्याची वेळ येऊ शकते. शिवाय बिडावर माझा जीव आहे, हेही एक कारण आहे आणि ते मला कमी महत्त्वाचे वाटत नाही.

स्पोर्ट क्रोनो नावाचा ऑप्शनचा संच घेतला. त्याने शून्य ते शंभरचा वेळ ४.१ वरून ३.९ सेकंदांवर येतो आणि डॅशबोर्डवर घड्याळ बसते, पण माझे लक्ष त्यातल्या इंजिन माउंटवर, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते त्या आधारांवर, होते. या गाडीचे इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे टांगलेले असते. साध्या चालीत हे माउंट मऊ राहतात, म्हणून थरथर आत येत नाही आणि वळणात गाडी जोरात घातली की ते कडक होतात, म्हणून ते वजन मागून स्वतंत्रपणे हेलकावत नाही. आंबोलीच्या वळणांवर याचा फरक जाणवेल. हे नंतर बसवण्यासारखे काम नव्हे.

एचडी मॅट्रिक्स दिवे सोडले. त्यांत बत्तीस हजारांहून अधिक प्रकाशबिंदू असतात आणि ते तंत्र थक्क करणारे आहे, परंतु समोरच्या ट्रकपुरता अंधार ठेवून बाकीचा रस्ता उजळण्याचे काम मूळचे मॅट्रिक्स दिवेही करतात आणि गगनबावड्याच्या धुक्यापुढे दोन्ही सारखेच.

१६ फेब्रुवारी

पुन्हा पुणे. या खेपेला घरची माणसे बरोबर होती, कारण आसनांचा निर्णय एकट्याने करू नये.

साधे स्पोर्ट सीट आणि अठरा प्रकारे जुळवता येणारे सीट अशा दोन्हींवर मी प्रत्येकी अर्धा तास बसलो. पाच मिनिटांत दोन्ही चांगलीच वाटतात. विसाव्या मिनिटाला साध्या सीटवर कमरेच्या डाव्या बाजूला पोकळी जाणवू लागली. दुसऱ्यात पाठीच्या आणि मांडीच्या कडेच्या उशा बटणाने आत-बाहेर होतात. माझ्यासाठी त्या आत घेतल्या, आबांसाठी पूर्ण बाहेर केल्या. आबा पंचाहत्तरीचे आहेत, गुडघा वाकत नाही. आधी ते आमच्या इतर गाड्यांसारखे पाय टाकून आत जायला गेले आणि अडकले. मग सौभाग्यवती म्हणाल्या, “आबा, आधी पाठ करून बसा, मग दोन्ही पाय आत घ्या.” सीट मागे व वर केल्यावर ते जमले. उतरताना त्यांनी दाराची कड धरली आणि एका दमात उभे राहिले. शेवटी घेतले ते अठरा प्रकारांचे सीट, जुळणी लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीसह, आणि छिद्रे असलेल्या चामड्यातून हवा खेळवणारी यंत्रणा. एप्रिलच्या दुपारी आवारात उभ्या राहिलेल्या गाडीसाठी ही यंत्रणा चैन नव्हे.

एक गोष्ट नव्याने ऑर्डर देणाऱ्यांसाठी ठळकपणे लिहून ठेवतो. या आवृत्तीत कूपे मुळात दोन आसनांची असते. मागच्या दोन लहान सीटना वेगळे पैसे नाहीत, पण त्या मागाव्या लागतात. माझ्या चौदा कोडांपैकी नऊंमध्ये त्या नव्हत्या आणि पडद्यावर गाडी बाहेरून पाहताना ते कळतही नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. यादी वाचताना तिनेच विचारले, “बाबा, मी कुठं बसू?” तेव्हा उलगडा झाला.

रंगाचे नमुने विक्रेत्याकडून मागून घेऊन बाहेर उन्हात नेले. आतल्या दिव्यांखाली जेन्शियन निळा समुद्रासारखा खोल दिसत होता आणि बाराच्या उन्हातही तो सुंदरच होता. परंतु आमच्या आवारात मोल्डिंगच्या वाळूची बारीक काळी धूळ उडत असते, तीत सिलिका असते आणि कोणी कोरड्या फडक्याने ती पुसली की गडद रंगावर गोल ओरखड्यांचे जाळे लगेच दिसते. काळा त्यामुळे पहिल्या दिवशीच बाद झाला होता. शेवटी गार्ड्‌स रेड घेतला. त्यात धातूची चमक नाही, म्हणून दगड लागून बंपर पुन्हा रंगवायचा झाला तर छटा जुळवणे सोपे जाते. जर्मनीत या रंगाचे नाव इंडिशरोट, म्हणजे भारतीय लाल, असे आहे. हे कळल्यावर आबा एवढेच म्हणाले, “मग तोच घे.”

आतील भाग काळा आणि शिलाईही काळीच. बर्मेस्टर कंपनीच्या तेरा स्पीकरऐवजी बोसचे बारा पुरेसे वाटले, कारण या गाडीत ऐकायचे ते इंजिन मागे आहे. म्हणूनच स्पोर्ट एक्झॉस्ट घेतला. छत उघडणारे नको, डोक्यावरची जागा कमी होते. गडद काचाही नकोत. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पार व्हावा लागतो आणि प्रत्येक नाक्यावर तो वाद घालायची माझी इच्छा नाही. पायाखालच्या मॅट, चाकांच्या टोप्या आणि पेंटवरची संरक्षक फिल्म ही सारी कामे गाडी आल्यावर इथे होतात.

२६ फेब्रुवारी

पंधरावा कोड पाठवला. विक्रेत्याकडून कारखान्याच्या तीन-तीन अक्षरी ऑप्शन कोडांची छापील यादी आली, ती मी पेन घेऊन ओळीने वाचली आणि मागच्या सीटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. सही करून आजच परत पाठवली.

राहिली सातवी जागा. फाउंड्रीच्या फाटकाचा उतार ६० सेंटिमीटरमध्ये १७ सेंटिमीटर चढतो आणि तेथे ठोकळा ठेवूनही खडू पुसला गेला होता. त्याच चढावासाठी उताराची लांबी १.८ मीटर केली तर साचा मोकळा जातो, हे मिस्त्रींनी फळ्या टाकून दाखवले. ट्रकना आत येताना अडचण नको म्हणून काम रविवारी धरले आहे. साचा पॅटर्न शॉपच्या भिंतीला टांगून ठेवला आहे, तो गवंड्याला लागेल.