मातीचा टँक, आठवा आठवडा: दोष मातीचा की खडीचा?

मागच्या नोंदीत मी 'सगळं झकास चाललंय' असं लिहिलं होतं. ते आधी मागे घेतो. त्यानंतर माझ्या घरच्या मासे-झाडांच्या टँकमधले दोन गप्पी मासे गेले, रोटाला या पाणवनस्पतीचे शेंडे खुरटले, आणि दीड महिना ज्या मातीला मी शिव्या घालत होतो ती निम्मीच दोषी निघाली. आज २० जुलै. टँक आता रुळलाय, म्हणून डोकं शांत ठेवून पहिल्यापासून लिहितो.

नव्या मंडळींसाठी मांडणी थोडक्यात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच काच. खाली इंचभर माती, तिच्यावर इंचभर बारीक खडी, आणि पाणी पन्नासएक लिटर. फिल्टर नाही, सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) बाटली नाही, वर २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब. म्हणजे आपली वॉलस्टॅड पद्धत, डायना वॉलस्टॅड यांनी १९९९च्या पुस्तकात मांडलेली. मातीतलं सेंद्रिय हळूहळू कुजतं, त्यातून झाडांना खत आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो, आणि पाणी स्वच्छ ठेवायचं काम झाडंच करतात. स्वस्तात पडणारी आणि आळशी माणसाला मानवणारी. म्हणून तर घेतली.

माती आणली घराजवळच्या नर्सरीतून. काकांना बजावून सांगितलं होतं, 'नुसती लाल माती द्या, खत नको.' त्यांनी ढिगातून घमेलं भरलं. घरी चाळायला घेतली तर चाळणीत काड्या, भुसा, आणि चुरगाळल्यावर ओळखीचा वास. शेणखत होतंच. तेव्हाच परत द्यायला हवी होती. त्याऐवजी 'भिजवली की निघून जाईल' असं स्वतःला समजावलं. खरं तर अशी माती भिजवायची, वरचं पाणी ओतून द्यायचं, परातीत पसरून उन्हात खडखडीत वाळवायची, आणि हे तीन-चार वेळा करायचं. मेमध्ये आमच्या गच्चीवर एका दिवसात माती वाळते. पण दुसऱ्या फेरीच्या वेळी वळीव आला, परात आत घ्यावी लागली, आणि माझा धीर सुटला. २८ मेला टँक भरला.

लावलेली झाडं: मागे वॅलिसनेरिया आणि मूठभर हायड्रिला, मध्ये रोटाला वॉलिची (हौस!), पुढे दोन क्रिप्टोकोरीन, आणि आईच्या कुंडीतली ब्राह्मी. ब्राह्मी म्हणून आपल्याकडे दोन वेगळी झाडं विकतात. गोल, कातरलेल्या पानांची ती मंडूकपर्णी, ती पाण्याखाली टिकेल या भरवशावर राहू नका. बारीक जाडसर पानांची नीरब्राह्मी, म्हणजे बाकोपा, ती घ्या.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. हा जिवाणूंचा फुलोरा, सगळ्यांना होतो, हात लावायचा नाही. पाच दिवसांनी आपोआप निवळला. काचेवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर आला, तोही जुन्या कार्डाने खरवडला आणि विसरलो. क्रिप्टोंची पानं वितळून गेली, तेही अपेक्षितच होतं. हे सगळं नव्या टँकचं बाळंतपण, यात लिहिण्यासारखं काही नाही. अमोनिया (खत कुजताना सुटणारा, माशांना विषारी) मात्र टेस्ट किटवर २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) दाखवत होता. रोज निम्मं पाणी बदलून आठवड्यात १ वर आणला. तिथे तो अडून बसला.

आणि पाऊस सुरू झाला. १२ जूनला आई म्हणाली, 'तुझ्या त्या डबक्यात काहीतरी वळवळतंय.' डासांच्या अळ्या! फिल्टर नाही म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग शांत, डासांना आंदणच. त्याच आठवड्यात डेंग्यूच्या तपासणीला माणसं सोसायटीत येणार होती. फ्रीजच्या मागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या बघणाऱ्यांना मी दिवाणखान्यातला टँक काय तोंडाने दाखवणार? सकाळी टेस्ट केली. अमोनिया १, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) ७.२. या पीएचला बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात, निरुपद्रवी असतो, असं वाचलेलं होतं. चार गप्पी आणून सोडले. अळ्या तासाभरात फस्त. मी खूश, आई खूश.

१४ जूनला संध्याकाळी सात वाजता दोन गप्पी तळाशी.

इथे मी पहिली दोन दिवसांची चूक केली, ती अशी की ऑक्सिजन कमी पडला असं धरून चाललो. एअर पंप लावला. पण ऑक्सिजन कमी पडतो तो पहाटे, रात्रभर झाडंही श्वास घेतात म्हणून. सकाळी तर मासे तळापासून वरपर्यंत मजेत फिरत होते, गोगलगायीही काचेवर चढलेल्या नव्हत्या. त्रास संध्याकाळी होता. पनवेलच्या मित्राला फोन केला. त्याने एकच विचारलं, 'पीएच कितीला मोजतोस रे?' मी म्हटलं, सकाळी, चहाच्या आधी. 'मग आज दिवे लागणीला मोज.'

मोजला. ८.४.

सकाळी ७.२ आणि संध्याकाळी ८.४! दिवसभर झाडं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, म्हणून पीएच चढतो, हे माहीत होतं. इतका चढतो हे नव्हतं. आता हिशेब करा. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७.२ असेल तर एकूण अमोनियाचा साधारण १ टक्का विषारी रूपात असतो. ८.४ ला तोच १५ टक्क्यांवर जातो. किटमधला रंग सकाळ-संध्याकाळ तोच, १ पीपीएम. विष मात्र संध्याकाळी चौदा-पंधरा पट. माझी टेस्ट खोटी नव्हती, वेळ चुकीची होती.

तातडीचे उपाय: पाणी रोज निम्मं बदललं. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा हायपोचा (क्लोरीन मारणारा) खडा विसरू नका. वर तरंगायला पिस्टिया आणि डकवीड सोडलं, कारण त्यांना कार्बन हवेतून मिळतो आणि अमोनिया ती अधाशासारखी खातात. (वाढलेला पिस्टिया कुंडीत पुरा, ओढ्यात किंवा नदीत टाकू नका. जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलंय ते पुलावरून जाताना दिसतंच.) आणि ट्यूबला टायमर लावला: सकाळी पाच तास चालू, मग चार तास बंद, मग पुन्हा चार तास. मधल्या विश्रांतीत मातीतून कार्बन डायऑक्साइड परत साठतो. संध्याकाळचा पीएच ८.४ वरून ८ च्या खाली आला. उरलेले दोन गप्पी तगले.

मधेच एक भीतीचं प्रकरण. मातीतून बुडबुडे यायला लागले. आईची विणकामाची सुई घेऊन (विचारून घेतली, नंतर उकळून दिली) जागोजागी टोचून बघितलं. बहुतेक बुडबुड्यांना वास नाही, म्हणजे चिंता नाही. फक्त डाव्या मागच्या कोपऱ्यात कुजक्या अंड्याचा वास. तिथे मी शोभेसाठी मातीचा चढ केला होता, जाडी दोन इंच, आणि वर थापलेला मोठा दगड. दगड काढला, त्या जागी वॅलिसनेरियाची तीन रोपं खोचली. मुळं मातीत ऑक्सिजन सोडतात. दोन आठवड्यांनी तिथे सुई घातली तर वास नाही. चढ करायचाच असेल तर खडीचा करा, मातीचा नको.

आता मुख्य गोष्ट. २७ जूनला वॅलिसनेरियाची जुनी पानं कापताना हाताला खरखरीत लागली. जवळून पाहिलं तर पांढरी पूड चिकटल्यासारखी, पुसून जाईना. हायड्रिलावरही तीच. बुरशी समजून पान फेकणार होतो, पण सहज एका पानावर व्हिनेगरचा थेंब टाकला. फसफसलं. म्हणजे चुना. वॅलिसनेरिया आणि हायड्रिला यांची खोड अशी की कार्बन डायऑक्साइड संपला की त्या पाण्यातलं बायकार्बोनेट फोडून कार्बन घेतात. त्यात पीएच आणखी वर जातो आणि पानावर कॅल्शियम कार्बोनेट बसतं. रोटालाला हे जमत नाही; ती बिचारी उपाशी राहते. तिचे शेंडे का खुरटले आणि शेजारी हायड्रिला का माजली, याचं उत्तर एका थेंबात मिळालं.

पण इतका चुना आला कुठून? आमच्या नळाला पाणी खडकवासल्याचं, सह्याद्रीच्या पावसाचं, मऊ. नळाचं मोजलं: जीएच (एकूण कडकपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम) ४, केएच (कार्बोनेट-बायकार्बोनेट) ३. टँकचं मोजलं: जीएच ११, केएच ९. मी इतके दिवस फक्त अमोनिया आणि पीएच मोजत बसलो होतो. साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

संशय अर्थातच मातीवर. चिमूटभर माती व्हिनेगरमध्ये टाकली. ढिम्म. मग खडी. ती शेजारच्या बांधकामावरून आणलेली क्रश सँड, आपल्याच काळ्या दगडाची, चाळून आणि दहा पाण्यांनी धुतलेली. काळे कण गप्प. मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात एका कडेला एक पांढरा कण फसफसायला लागला. मग दुसरा. परातीत मूठभर खडी पसरून चिमट्याने पांढरे कण वेचले: काही गप्प, काही फसफसणारे.

दगडांची आवड असलेल्यांच्या हे आधीच लक्षात आलं असेल. दख्खनचा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट भरत गेलं. पुण्याच्या आसपासच्या खाणींतले झिओलाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक घेतात. गारगोटी आणि झिओलाइट पाण्यात असे विरघळत नाहीत. कॅल्साइट म्हणजे मात्र शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. खडीमशीनमध्ये दगडाबरोबर तेही भरडलं जातं. 'बेसाल्ट म्हणजे बिनधास्त' हे आपल्यात सर्रास सांगितलं जातं, मीही दोघा-तिघांना सांगितलंय. त्यांनी कृपया आपापली खडी तपासावी.

तरी मन मानेना. पांढरे कण खडीत शंभरात दोन-तीन असतील. तेवढ्याने जीएच ४ चा ११? म्हणून लोणच्याच्या चार बरण्या धुऊन गॅलरीत मांडल्या. सगळ्यांत एक-एक लिटर नळाचं पाणी, हायपो घातलेलं. पहिलीत नुसतं पाणी, दुसरीत माती, तिसरीत खडी, चौथीत माती आणि वर खडी. वर झाकण म्हणून मच्छरदाणीचा तुकडा, आईच्या अटीप्रमाणे. २८ जून ते १२ जुलै, चौदा दिवस हात लावला नाही. जीएच असा आला: नुसत्या पाण्याचा ४, मातीचा ५, खडीचा ६, आणि दोन्ही एकत्र असलेल्या बरणीचा १०.

म्हणजे एकटी माती निर्दोष, एकटी खडीही जवळपास निर्दोष. शेणखत कुजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं, आणि ते आम्ल वरच्या थरातलं कॅल्साइट विरघळवतं. चुनखडीच्या डोंगरात गुहा होतात त्याच रीतीने. माझ्या टँकमध्ये माती खाली आणि खडी वर, म्हणजे सुटणारा प्रत्येक वायू खडीतूनच वर यायचा. याहून पक्की जोडी जमवायला गेलो असतो तरी जमली नसती.

खत जितकं ताजं तितका वायू जास्त, म्हणून कडकपणाही पहिल्या महिन्यातच झपाट्याने वाढला असणार. गेल्या दोन आठवड्यांत, दर रविवारी पाव टँक पाणी बदलून, जीएच ९ वर आलाय आणि तिथे स्थिर आहे. अमोनिया ५ जुलैपासून शून्य. सकाळचा पीएच ७.४, संध्याकाळचा ७.९.

खडी काढून टाकावी असं तिघांनी सुचवलं. चार दिवस विचार केला. काढायची तर माती ढवळणार, साठलेला अमोनिया पुन्हा पाण्यात, आणि मुळं धरलेली क्रिप्टो पुन्हा वितळणार. एक क्रिप्टो आता चौथं पान काढतेय. मी काढणार नाही. वॅलिसनेरिया, हायड्रिला, नीरब्राह्मी या पाण्यात खुशीत आहेत, आणि गप्पींना कडक पाणी मानवतंच. रोटाला वॉलिची ओल्या कागदात गुंडाळून पनवेलला पाठवली. तिकडे धुतलेल्या गारगोटीच्या वाळूत तिला मऊ पाणी मिळेल. तिच्या जागी काय लावावं हे अजून ठरत नाही. या पाण्यात टिकणारं, पुढच्या फळीत शोभणारं, चार इंचांच्या आतलं काही सुचत असेल तर सांगा. आणखी क्रिप्टो नकोत, दोन पुरे.

परवा सकाळी पिस्टियाच्या मुळांत बारीक डोळे दिसले. उरलेल्या दोनांतली एक मादी होती तर. मोजता आली ती नऊ पिल्लं. आई म्हणते आता डासांची चिंता मिटली, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या कमळाच्या टबासाठी तिने चार पिल्लं कबूलही करून टाकलीत.