ममायेव कुर्गान, १:२०० – तलवार बसली, आता टेकडी

मंडळी, रशियातल्या व्होल्गोग्रादच्या (पूर्वीचं स्टालिनग्राड) ममायेव कुर्गान टेकडीवरचा 'मातृभूमीची हाक' हा पुतळा मी मॉडेल म्हणून करतोय, आणि ती आता हात उंचावून उभी आहे. मूळ शिल्प तलवारीसकट ८५ मीटर, त्यातली नुसती तलवार ३३ मीटर. म्हणजे १:२०० मापात ४२.५ सेंमी आणि तलवार १६.५ सेंमी. आत तारेचा सांगाडा, वर एपॉक्सी पुट्टी, तलवार पितळी पट्टीची.

पात्याला भोकं पाडली आहेत. १९६७ साली उद्घाटन झालं तेव्हाची तलवार टायटॅनियमच्या पत्र्याने मढवलेली होती. वाऱ्यात ती हलायची, पत्रे वाजायचे. १९७२ मध्ये पोलादी पातं बसवलं आणि वारा आरपार जावा म्हणून त्यात भोकं ठेवली. त्यामुळे फोटो कोणत्या सालचा आहे ते आधी बघा, मगच ड्रिल हातात घ्या. अभियंते निकितिन यांनी एवढा मोठा काँक्रीटचा पुतळा पायावर नुसता ठेवलाय, स्वतःच्या वजनावर उभा! मॉडेलला मात्र खालून स्क्रू लागतो.

टेकडीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे. पुष्कळ जण हा पुतळा पॉलिश केलेल्या लाकडी ठोकळ्यावर बसवतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या उंचवट्यात दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईतल्या ३४,५०५ सैनिकांचे अवशेष आहेत. वळणाच्या वाटेच्या कडेला सोव्हिएत संघाच्या वीरांच्या ३५ ग्रॅनाइट शिळा आहेत. या लढाईतल्या सोव्हिएत ६२व्या सैन्याचे सेनापती चुइकोव्ह १९८२ मध्ये वारले. मार्शल असूनही त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मॉस्कोत न नेता याच टेकडीवर आपल्या सैनिकांजवळ पुरलं. ही टेकडी गाळून नुसता पुतळा करण्यात मला अर्थ वाटत नाही.

शिळा राखाडी कार्डाच्या कापल्यात, वाट कोरून झाली. गवतासाठी बारीक चाळलेला, रंगवलेला भुसा वापरतोय. २ मिमीचं स्टॅटिक ग्रास (मॉडेलवर उभं चिकटवायचं कृत्रिम तंतूंचं गवत) या मापात ४० सेंमी उंच होतं, थडग्यांवर ते रानासारखं दिसेल. लढाईच्या २०० दिवसांसाठी बांधलेल्या २०० पायऱ्या या तळावर मावत नाहीत. त्यातल्या थोड्याच दाखवणं बरं वाटेना, म्हणून पूर्ण वगळल्या.

पुढे याच मापात बर्लिनच्या ट्रेप्टो पार्कमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा आणि उरालमधल्या मॅग्निटोगोर्स्कचं शिल्प करायचंय. तिन्ही शिल्पांत तलवार एकच: उरालमध्ये कामगार ती सैनिकाच्या हाती देतो, व्होल्गाकाठी ती उगारलेली आहे, बर्लिनमध्ये खाली झुकलेली. मॅग्निटोगोर्स्कचं शिल्प १५ मीटर, म्हणजे फक्त ७.५ सेंमी. त्याचे मागच्या बाजूने काढलेले स्पष्ट फोटो कुणाकडे असतील तर जरूर पाठवा.