क्लच नसलेली गाडी आणि बोरघाट

गेल्या वर्षी शेठनी नवीन ट्रेलरची चावी हातात दिली. मी केबिनमध्ये चढून आधी खाली बघितलं तर दोनच पेडल, रेस आणि ब्रेक, क्लच नाहीच. चोवीस वर्षं गाडी मारतोय, पहिले आठ-दहा दिवस सिग्नल आला की डावा पाय आपोआप उचलला जायचा आणि मॅटवर रिकामाच पडायचा.

आमच्या लाइनीत बरेच जण म्हणतात ऑटोमॅटिक म्हणजे बायकापोरांची गाडी, खरा ड्रायव्हर गिअर मारतो. मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं.

माझी लाइन वडाळा, न्हावाशेवा, चाकण. मुंबईत सकाळ-संध्याकाळ मोठ्या गाड्यांना नो एंट्री, त्यामुळं ती उठली की सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि सायन-पनवेल हायवेवर मुंगीच्या चालीनं पुढं सरकत राहायचं. एकदा गव्हाण फाट्यापासून पोर्टच्या गेटपर्यंत क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतलं, चारशेच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं. त्यात गाडी जुनी असली आणि क्लच बूस्टर (हवेच्या जोरावर पेडल हलकं करणारा) नीट काम करत नसला की पेडल दगडासारखं होतं. माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी घासलीय, डॉक्टरांनी फोटो दाखवला. उजवा गुडघा ठणठणीत आहे. पन्नाशीच्या पुढचा कुठलाही ट्रेलरवाला बघा, गाडीतून उतरताना आधी कुठला पाय सांभाळतो ते बघा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लेलँडचा कॉमेट चालवायचे. त्या गाडीला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना आतल्या चाकांचा वेग आपोआप जुळवणारा भाग, नव्हता, डबल क्लच मारायला लागायचा. क्लच दाबून न्यूट्रल, सोडायचा, वरच्या गिअरवरून खालच्यावर येताना रेस मारायची, परत दाबून गिअर टाकायचा. इंजिनचा आवाज ऐकून नेमकी वेळ साधायची, चुकली की गिअर खर्रकन ओरडायचा. अण्णांचा हात इतका हलका होता की शेजारी बसून डोळे मिटले तर गिअर कधी पडला कळायचं नाही. मला त्याचा अभिमान आहे. पण शेवटच्या दहा वर्षांत अण्णांना मांडी घालून जेवायला बसता येत नव्हतं, तेही मी बघितलंय.

आता लोकांचा एक गैरसमज. आपल्या ट्रकमध्ये जी ऑटोमॅटिक येते ती बहुतेक एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असते, म्हणजे आतमध्ये तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट, फक्त पायाचं आणि हाताचं काम कॉम्प्युटर हवेच्या प्रेशरवर करतो. व्होल्वोनं २००१ ला आय-शिफ्ट गिअरबॉक्स आणला तो ह्याच पद्धतीचा, आपल्याकडं आता टाटा, भारतबेंझच्याही मोठ्या गाड्यांत एएमटी मिळते. क्लच आहेच, दिसत नाही एवढंच. हे ज्याला कळलं नाही तो जाममध्ये रेसवर हलका पाय ठेवून गाडी इंच इंच ढकलत राहतो, आत प्लेट अर्धी धरलेली राहते आणि जळते. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी धरली की पायाला कळतं, वासही येतो. इथं पायाला काही कळत नाही. म्हणून पुढं दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग एकदम सुटायचं, मागचा कितीही हॉर्न मारू दे.

आणि खरी गोष्ट बोरघाटाची. सहा महिन्यांपूर्वी भाच्याला सोबत घेतलं, लायसन त्याचं पक्कं, पण हात ह्याच गाडीवर बसलेला. चाकणवरून भरलेला कंटेनर घेऊन येत होतो, खंडाळा सोडलं, जुना अमृतांजन पूल होता (२०२० ला पाडला तो) ती जागा मागं गेली आणि उतार लागला. मोठ्या गाडीला घाटात चाळीसची लिमिट होती. गाडी ऑटोवर होती, उतारावर वेग वाढला तसा गिअरबॉक्सनं आपला वरचा गिअर टाकला, कारण पुढं उतार किती लांब आहे ते त्याला कुठं माहितीय. पोरगा ब्रेकवर पाय ठेवून बसला. दोन वळणं झाली आणि खिडकीतून ब्रेक लायनरचा वास आला, तो जळका, घशात बसणारा वास.

मी आवाज न चढवता म्हणलं, ब्रेक एकदा नीट दाब, तीसवर आण, आता मॅन्युअल मोडला घे, सहावा धर, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनकरवी गाडी आवळणारा) चालू कर आणि पाय काढ. इंजिन दणक्यात ओरडायला लागलं, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा हिरव्या पट्ट्याच्या वर गेला, तो घाबरला, "मामा, इंजिन फुटंल." म्हणलं, काही फुटत नाही, लाल पट्ट्याच्या आत ठेव, हेच इंजिन आपल्याला मागं ओढून धरतंय. वेग तीस-बत्तीसवर थांबला. खोपोलीच्या खाली बाजूला घेतली, उतरून चाकाच्या ब्रेक ड्रमजवळ हात नेला तर लांबूनच चटका बसत होता. त्याला पण हात न्यायला लावला.

हे त्याला माहितीच नव्हतं. मॅन्युअलवर शिकलेल्याला उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, ज्या गिअरनं घाट चढतोस त्याच गिअरनं उतर. ऑटोमॅटिकनं डाव्या पायाचं काम काढून घेतलं, पण उताराच्या आधी गिअर ठरवणं हे अजून ड्रायव्हरचंच आहे.

ह्याच्या उलट मॅन्युअलवाल्यांची जुनी खोड, न्यूट्रल मारून उतरायचं, डिझेल वाचतं म्हणून. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये ठेवून रेस सोडली की डिझेल बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन आयडलवर चालू राहायला डिझेल पितं. म्हणजे वाचत तर काहीच नाही, वर सगळं वजन ब्रेकवर. काही जण इंजिनच बंद करतात, मग स्टिअरिंग जड आणि कॉम्प्रेसर बंद म्हणून ब्रेकची हवाही भरत नाही. माझ्या दोन ओळखीच्यांच्या घरी मी जाऊन आलोय ह्याच्यापायी.

मॅन्युअलच्या बाजूनंही खरं आहे ते सांगतो. बॅटरी उतरली तर ही गाडी धक्का मारून चालू होत नाही. हवेचं प्रेशर नसेल तर गिअर पडत नाही. एखादा सेन्सर गेला तर रस्त्यावरचा मिस्त्री हात वर करतो, लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत बसून राहायचं. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये ट्रेलर इंच इंच मागं लावताना मला अजून क्लचची आठवण येते. अमेरिकेत तर ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर मोठ्या लायसनवर तसा शिक्का पडतो, मॅन्युअल ट्रक चालवता येत नाही. आपल्याकडं तसं काही नाही, पण पोरांनी सुरुवातीला एक पावसाळा तरी मॅन्युअल चालवावी असं माझं ठाम मत आहे, गिअर म्हणजे काय ते त्यानं अंगात भिनतं. त्यापुढं तीस वर्षं गुडघे घासत बसायची काही गरज नाही.

एसी केबिनबद्दलही असंच बोलायचे, ड्रायव्हर झोपंल म्हणून. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, आता कोण बोलतं का? आमच्या एका शेठनी मागं मला तोंडावर सांगितलं होतं, तुला आराम पाहिजे म्हणून मी जादा पैसे का घालू. त्यांची नोकरी मी सोडली.

आताचे शेठ तसे नाहीत. पुढच्या महिन्यात दोन गाड्या घ्यायच्यात, मला विचारलं. मी म्हणलं एक एएमटी घ्या आणि आपल्याकडचे वयस्कर ड्रायव्हर फलटणचे काका, त्यांना द्या, त्यांना आता केबिनच्या शिडीवरून उतरवत नाही. दुसरी मॅन्युअल घेतली तरी चालंल, तिच्यावर भाच्याला बसवा, मी सोबत जातो. ते किमतीतला फरक मांडत बसलेत, सोमवारी सांगतो म्हणाले.