सीतेच्या आसवांची फिल्म: मातीखालचा सीन झाला एकदाचा

मंडळी, सगळ्यात चिवट सीन हातावेगळा झाला.

२०१२ ला पश्चिम घाटाबरोबर साताऱ्याजवळचं कासचं पठार जागतिक वारशात आलं, तेव्हापासून लोक फुलं बघायला येतात, सेल्फी काढतात आणि घाटानं साताऱ्यात उतरतात. तिथल्या 'सीतेची आसवं' या फुलझाडाची खरी गंमत मात्र पायाखाली. या झाडाला (शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया) मुळंच नाहीत. ओल्या मातीत बारीक धागे, आणि धाग्यांना मिलिमीटरभराच्या, कधी त्याहून लहान पिशव्या. जांभ्यावरची माती उथळ, तिच्यात नत्र-स्फुरद नावालाच. मग हे झाड मातीतल्या पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. तिथं कॅमेरा घुसवायचा कसा? म्हणून स्टॉप मोशन, म्हणजे तुकडे थोडे थोडे हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते सलग दाखवायचे. रोप उपटून आणायचा तर प्रश्नच नाही, फोटो आणि चित्रांवरच काम केलं.

पिशव्या बटर पेपरच्या कापल्या. खाली ट्रेसिंगचा एलईडी पॅड, वर काच, काचेवर वाळवलेला चहाचा चोथा. चोथ्याच्या कणांमधून उजेड झिरपतो तेव्हा हुबेहूब ओली माती दिसते. विकतच्या टेक्स्चरला हे जमत नाही. चोथा सरकवायला दोन नंबरचा ब्रश. पंखा अर्थातच बंद. फोनचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक, अंगात काळा शर्ट, नाहीतर काचेत आपलीच सावली नाचते.

आता मुद्द्याचं. पिशवीच्या भिंतीतल्या पेशी आतलं पाणी उपसून बाहेर टाकतात, त्यामुळं भिंती दाबून धरलेल्या ड्रॉपरसारख्या आत ओढलेल्या राहतात. पिशवीच्या तोंडाशी एक दार असतं; जिवाचा त्याला धक्का लागला की ते आत उघडतं, पाणी जिवासकट आत, दार बंद. साधारण एका मिलिसेकंदाचा खेळ. मी सेकंदाला १२ फोटो धरतो, म्हणजे एक फोटो ८३ मिलिसेकंदांचा. खऱ्या वेगात दाखवलं तर दोन फोटोंच्या मध्येच सगळं उरकतं! शेवटी २४ फोटो दिले, म्हणजे दोन सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन हजार पट सावकाश. हे बघणाऱ्याला कळलंच पाहिजे, म्हणून कोपऱ्यात घड्याळ ठेवलंय. शिवाय ही मोजमापं मुख्यतः पाण्यात वाढणाऱ्या भाऊबंदांवरची आहेत, तेही निवेदनात येणार.

एका मित्राला खाली भुताचं म्युझिक हवं होतं. साफ नाही म्हटलं. झाड जेवतंय, खून करत नाहीये.

कच्चा कट शेजारच्या आजींना दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न: "पानी उपसतंय म्हनतोस, मग मोटर कुटं बसावलीया?" हा प्रश्न जसाच्या तसा निवेदनात घेतोय, उत्तरही त्याच बोलीत. पुस्तकी मराठीत 'निर्वात दाब' म्हटलं की पेठेतली पोरं तिथंच उठून जातील. फिल्म गणपतीत मंडळाच्या पडद्यावर लावायची आहे, कासचा हंगामही तेव्हाच. तेव्हा आरती आणि देखावा यांच्या मधल्या वेळात बसेल एवढीच लांबी.

पुढचा सीन उलट्या तऱ्हेचा. पिशवी परत रिकामी होऊन ताणली जायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात, ती पाच-सहा सेकंदांत कोंबायची. भिंत थोडी थोडी आत जाणारे तुकडे कापून झालेत. दमट हवेत बटर पेपर कडेनं वळतो, म्हणून सगळे जाड वहीत दाबून ठेवलेत.